मादी फुलं आहेत, नर फुलं नाहीत: इंदूरच्या एका परसबागेतलं झुकिनी आणि लाल भोपळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीत राहतं. घराची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत. घरात निवृत्त सासरे आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. बाग प्रत्यक्षात सांभाळतात त्या त्यांच्या सूनबाई, ज्यांना इथे वहिनी म्हणू. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, एक माळीकाका येतात. मी शहरातल्या घरगुती भाजीबागांना सल्ला देते, आणि या बागेशी माझा संबंध डिसेंबरात, अडचण सुरू झाल्यावर आला.

घरामागे दोन खाटा मावतील एवढा वाफा, कुंपणाच्या भिंतीलगत एक अरुंद पट्टा आणि चार मोठ्या ग्रोबॅग एवढीच जागा. माती माळव्यातली काळी, म्हणजे पावसाळ्यात चिखल धरून बसणारी आणि उन्हाळ्यात भेगा पडणारी. अण्णांनी गेली काही वर्षं घरचं ओलं आणि वाळकं एकत्र कुजवून खत केलं आहे. त्यांना याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी खत कुजवण्याची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते, आणि त्यांनी काम केलं ती जागा आज इथलं कृषी महाविद्यालय आहे. काडीकचरा, शेण, राख आणि माती यांचे थर, मधूनमधून उलटापालट, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. अण्णांचा ढीग याच रीतीचा आहे, फक्त लहान. तेव्हा या बागेत मातीची उपासमार नव्हती, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. पुढे त्याला महत्त्व आलं.

दिवाळी झाल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, वहिनींनी झुकिनी लावली. आमच्याकडे झुकिनी थंडीचं पीक आहे. वाफ्यात दोन आळी, ग्रोबॅगमध्ये दोन रोपं, सगळी एकाच संकरित हिरव्या वाणाची. वेल पसरत नाही, झुडूप होतं, म्हणून दोन रोपांत पाऊण मीटर अंतर पुरतं. बिया आठवड्याच्या आत उगवल्या. लाल भुंगेरे कोवळी पानं कुरतडायला लागले तेव्हा अण्णांनी सकाळच्या दवात चुलीची राख भुरभुरवली, आणि रोपं वाचली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोपं गुडघाभर, पानं ताटाएवढी, फुलं सुरू.

अडचण

फुलं आली, फुलाखाली बोटाएवढी झुकिनीही दिसायची, आणि चार दिवसांत ती टोकाकडून पिवळी पडून सुरकुतायची, मऊ व्हायची आणि गळायची. एकामागून एक, सगळी.

त्याच सुमारास पानांवर शिरांच्या काठाकाठाने रुपेरी ठिपके दिसू लागले. माळीकाकांनी पान बघून सांगितलं, “बाई, फफूँद लग गई है, दवा डालनी पड़ेगी.” तेव्हापासून दर रविवारी सकाळी बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकत्र करून फवारलं जाऊ लागलं. फळं गळायची थांबली नाहीत. वहिनींच्या डोक्यात मग या दोन गोष्टी जोडल्या गेल्या: रोग आहे, म्हणून फळ कुजतं, म्हणून आणखी औषध हवं.

अण्णांचं निदान वेगळं होतं. फळ टोकाकडून खराब होतं म्हणजे चुना कमी पडतो, असं ते म्हणत. टोमॅटोच्या बुडाशी काळा, दबका डाग पडतो, म्हणजे बुडकूज, ती त्यांनी पाहिली होती. दोघांनी मला बोलावलं ते खरं तर या वादाचा निकाल लावायला.

समोर आलेले पर्याय

चार पर्याय मांडले गेले होते. एक, फवारणी वाढवायची. दोन, चुन्याची निवळी घालायची. तीन, रोप ‘अशक्त’ समजून युरिया द्यायचा. हा शेजारच्या घरातून आलेला सल्ला. चार, रोपं उपटून त्या जागी पालक लावायचा. हा वहिनींचा, वैतागातून आलेला, पण विचार करून मांडलेला. जागा कमी असली की न देणारं रोप ठेवण्याची किंमत खरीच असते.

मी आधी पान पुसून बघायला सांगितलं. ओल्या बोटाने घासल्यावर भुरी या बुरशीच्या रोगाची पांढरी पूड बोटाला लागते. इथे बोट कोरडं ठणठणीत राहिलं, रुपेरी ठिपका जागच्या जागी. झुकिनीच्या कित्येक वाणांच्या पानावर अशी रुपेरी नक्षी जन्मजातच असते. पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली हवा अडकल्याने ती चमकते, त्यात रोग काही नाही. पुष्कळ घरी याच नक्षीवर औषधं फवारली जातात, आणि दरवेळी मला वाईट वाटतं, कारण एका बोटाने सुटणारा प्रश्न आहे.

मग फुलं. झुकिनी आणि भोपळा, दोघांनाही नर आणि मादी फुलं वेगळी येतात, एकाच झाडावर. नर फूल लांब सडसडीत देठावर, आत एकच पुंकेसराचा दांडा. मादी फुलाच्या खाली चिमुकलं फळ आधीच असतं, आत तीन पाकळ्यांचं जाडसर कुक्षीमंडल. ते फळ दिसतं म्हणून घरच्यांना वाटतं की फळ धरलं. खरं तर पराग पोहोचेपर्यंत ती नुसती शक्यता असते. पराग पोहोचला नाही तर चार दिवसांत झाड तिला सोडून देतं, आणि ती पिवळी पडून टोकाकडून मऊ होते. बुडकुजीचा डाग याहून वेगळा: तो धरलेल्या, वाढत्या फळावर येतो, तपकिरी-काळा, चामड्यासारखा आणि दबलेला. अण्णांनी दोन गळलेली फळं शेजारी ठेवून निरखली आणि चुन्याचा पर्याय स्वतःच मागे घेतला.

त्या सकाळी चार रोपांवर मिळून पाच फुलं उघडली होती आणि पाचही मादी होती. नर कळ्या शोधल्या तर अगदी बारीक, आठवडाभर तरी न उमलणाऱ्या. इथे प्रकरणाचं मूळ सापडलं. या कुळात दिवस लहान आणि रात्री थंड असल्या की मादी फुलांकडे कल वाढतो. दिवस मोठे आणि ऊन कडक झालं की नर फुलांकडे. इंदुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो, कधी खालीही जातो. नेहमी आधी नर, मग मादी असा क्रम असतो. थंडीतल्या संकरित झुकिनीत तो उलटा होऊ शकतो, आणि इथे झाला होता.

दुसरं कारण रविवारच्या फवारणीचं. झुकिनीचं फूल सूर्योदयाच्या सुमारास उघडतं आणि दुपारच्या आत कायमचं मिटतं. थंडीत सातेरी आणि फुलोरी मधमाश्या ऊन चढल्यावर, साडेआठ-नऊला बाहेर पडतात. म्हणजे त्यांना मिळतात जेमतेम दोन-तीन तास, आणि नेमक्या त्याच तासांत उघड्या फुलांवर कीटकनाशक पडत होतं. पुढच्या दोन सकाळी वहिनी चहाचा कप घेऊन वाफ्याशी बसल्या. एकही माशी आली नाही. शेजारच्या तुळशीवर मात्र येत होत्या.

निर्णय पहिला: फवारणी थांबवायची का?

हा वाटतो तितका सोपा नव्हता. माळीकाका अनुभवी आहेत, त्यांना दुखवायचं नव्हतं. आणि फेब्रुवारीत भुरी खरंच येते हेही खरं. फवारणी पूर्ण बंद करावी की वेळ बदलून संध्याकाळी करावी, यावर बोलणं झालं. मी पूर्ण बंदच्या बाजूने होते: रोग नसताना औषध कशाला? अण्णांनी मध्यम मार्ग सुचवला. पानं दर चार दिवसांनी बोटाने तपासायची, पूड लागली तरच उपाय करायचा, तोही संध्याकाळी, फुलं मिटल्यावर. मला हा मार्ग माझ्यापेक्षा चांगला वाटला. वहिनींनी माळीकाकांना पान पुसून दाखवलं. त्यांनी स्वतः दोन-तीन पानं घासून पाहिली आणि पंप ठेवून दिला.

युरिया नाकारायला वेळ लागला नाही. पोसलेल्या झाडाला नत्र आणखी दिलं की पानं वाढतात, फुलं लांबतात. हे झाड अशक्त नव्हतंच.

निर्णय दुसरा: नर फूल आणायचं कुठून?

परागीकरण हाताने करता येतं, पण त्यासाठी पराग हवा. आठवडाभर थांबणं हा एक मार्ग होता, आणि खरं सांगायचं तर तोही चालला असता. नर कळ्या येत होत्या. पण वहिनींचा धीर सुटत चालला होता आणि एखादं तरी फळ हातात पडणं गरजेचं होतं.

शेजारी लाल भोपळ्याचा जुना वेल होता, त्यावर एखाद-दुसरं नर फूल दिसायचं. ते वापरू का, असं अण्णांनी विचारलं. झुकिनी आणि आपला लाल भोपळा एकाच कुळातले, पण जाती निराळ्या. त्यांचा संकर अवघड असतो. फळ कधी धरतं, बहुतेकदा धरत नाही. तो पर्याय भरवशाचा नव्हता.

शेवटी वहिनींच्या भिशीतल्या एका मावशींची आठवण झाली. त्यांच्या गच्चीवर याच सुमाराची झुकिनी होती, ऊन भरपूर, आणि नर फुलं रोज. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलायच्या बेतातल्या, टोकाशी पिवळा रंग धरलेल्या नर कळ्या देठासकट खुडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यातून आणायच्या, रात्री पाण्याच्या पेल्यात ठेवायच्या. सकाळी त्या उमलल्या.

प्रत्यक्ष काम

सकाळी आठच्या सुमारास, दव सुकल्यावर, नर फुलाच्या पाकळ्या काढून टाकायच्या. उरलेला पुंकेसराचा दांडा मादी फुलातल्या कुक्षीच्या तिन्ही भागांवर हलक्या हाताने फिरवायचा, पिवळी पूड चिकटलेली दिसेपर्यंत. तिन्ही भागांवर, हे महत्त्वाचं: एकाच बाजूला पराग पडला तर फळ एका टोकाला निमुळतं, वाकडं होतं. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. फुलाच्या देठाला लोकरीचा धागा बांधायचा, म्हणजे कोणतं हाताळलं ते कळतं.

वहिनींनी मुद्दाम एक मादी फूल तसंच सोडलं, तुलनेसाठी. हा त्यांचाच विचार होता आणि मला फार आवडला. हाताळलेली फळं तीन-चार दिवसांत दुप्पट झाली. सोडलेलं पिवळं पडून गळलं. त्यानंतर घरात वादाला जागाच उरली नाही.

पाण्याचीही घडी बसवली. घरी नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे झाडांनाही एका दिवशी भरपूर, दुसऱ्या दिवशी काही नाही असं चाललं होतं. टाकीतून रोज सकाळी थोडं, बुंध्याशी, पानं न भिजवता द्यायला सुरुवात झाली. आळ्यात वाळक्या पानांचं आच्छादन घातलं.

मध्यंतरीची निष्पत्ती

डिसेंबर सरता सरता स्वतःची नर फुलं येऊ लागली, मावशींच्या गच्चीवर जाणं थांबलं. माश्याही परतल्या, जानेवारीच्या मध्यानंतर हाताने काही करावं लागलं नाही. फळ वीतभर, म्हणजे पंधरा-अठरा सेंटिमीटर झालं की काढायचं ठरलं. फूल उमलल्यापासून आठवड्याच्या आतच ते तेवढं होतं. न काढता ठेवलं तर मोठं, बेचव होतं आणि झाड नवी फळं धरायची थांबवतं. घरात वांग्यासारखी भरली झुकिनी, किसून थालीपीठ आणि दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर झाली. अण्णांना कोशिंबीर पसंत पडली.

फेब्रुवारीत बोटाला खरोखर पूड लागली. खालची जुनी पानं कापून काढली आणि दूध-पाणी, एकास नऊ, संध्याकाळी नव्हे तर या एका बाबतीत सकाळी उन्हात पण फुलं टाळून, पानांवर मारलं. हा घरगुती तोडगा वाटतो, पण ब्राझीलमध्ये झुकिनीच्या भुरीवरच त्याची चाचणी होऊन १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. भुरी गेली नाही, आटोक्यात राहिली. मार्चच्या मध्यावर उन्हाने झाडं थकली आणि काढून टाकली.

निर्णय तिसरा: बी धरायचं का?

अण्णांनी एक झुकिनी बियांसाठी झाडावर जून होऊ द्यायची म्हटली. मी ठाम नको म्हटलं. वाण संकरित आहे, बी मूळ वाणासारखं येणार नाही, हे एक. दुसरं गंभीर आहे. झुकिनीच्या जातीतच शोभेचे छोटे, रंगीत भोपळे येतात, आणि ते कडू असतात. जवळपास कुणाकडे ते असतील आणि माश्यांनी पराग आणला, तर धरलेल्या बियांपासून पुढच्या वर्षी येणारी झुकिनी कडू निघू शकते. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा, आणि तो शिजवून जात नाही. जर्मनीत २०१५ मध्ये घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला. आपल्याकडे कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. अण्णा दुधी आणि काकडीचं टोक चाखल्याशिवाय चिरू देत नाहीत. तीच शिस्त झुकिनीला लावायची, आणि कडू लागली तर अख्खी टाकून द्यायची, हे त्यांनी लगेच मान्य केलं. बी धरलं नाही.

उन्हाळा: तीच अडचण, उलट्या बाजूने

फेब्रुवारीच्या सुरुवातीला भिंतीलगतच्या पट्ट्यात देशी लाल भोपळा लावला होता. झुकिनीच्या वाफ्यात मुद्दाम लावला नाही, कारण एकाच कुळाचं पीक पाठोपाठ त्याच मातीत नको. मार्चअखेर वेल भिंतीवर चढला आणि फुलांनी पिवळा झाला. सगळी नर. एप्रिल उजाडला तरी नरच, रोज उमलून रोज गळणारी.

वहिनींनी या वेळी कुणाला न विचारता फुलं पालथी करून पाहिली आणि मला फक्त कळवलं. दिवस मोठे, पारा चाळिशीकडे. नर फुलांचा जोर असणारच. अण्णांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने मादी फुलं वाढवणाऱ्या इथ्रेलची फवारणी सुचवली. ते औषध वेलवर्गीय पिकांत वापरतात हे खरं, पण रोप दोन आणि चार पानांवर असताना. फुलावर आलेल्या वेलाला त्याचा उपयोग नाही. शिवाय त्याचं माप इतकं बारीक असतं की घरच्या मापट्याने ते साधणं कठीण. इथे थांबणं हाच निर्णय होता. त्या काळात नर फुलांची भजी झाली, डाळीच्या पिठात ओवा घालून. रोज दोन फुलं मात्र वेलावर ठेवायची असं ठरलेलं होतं.

एप्रिलच्या मध्यावर मादी फुलं आली. उन्हाळ्यात फूल पहाटे उघडतं आणि नऊच्या आत मिटतं, म्हणून वहिनी सहालाच वेलाशी जायच्या. फळमाशी हा उन्हाळ्यातला मोठा शत्रू. ती कोवळ्या फळाला डंख मारून आत अंडी घालते, डंखाजागी डिंक दिसतो आणि फळ आतून सडतं. धरलेल्या फळाला आठवड्याच्या आत जुन्या साडीच्या सुती तुकड्याची सैल पिशवी बांधली, आणि नर माश्या ओढणारा क्यू ल्यूरचा सापळा भिंतीवर टांगला. पिशवी बांधायला उशीर झालेली दोन फळं गेली. तीन टिकली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, ती काढली. देठ सुकून बुचासारखा झाला होता, सालीवर नख रुतत नव्हतं. सगळ्यात मोठं पाच किलोच्या आसपास भरलं. एक चिरून घारगे आणि दह्यातलं भरीत झालं. उरलेली दोन कोरड्या, हवेशीर कोनाड्यात देठ वर करून ठेवली आहेत.

वेगळं काय करता येईल

पुढच्या थंडीसाठी काही गोष्टी ठरल्या आहेत. चारही रोपं एकाच दिवशी लावायची नाहीत. दोन दिवाळीनंतर, दोन त्यानंतर तीन आठवड्यांनी, म्हणजे एकाची नर फुलं दुसऱ्याच्या मादी फुलांना उपयोगी पडतील. एका-दोन रोपांच्या बागेत नर आणि मादी एकाच सकाळी उमलतील याची खात्री नसते, आणि बहुतेक घरी अडचण इथेच येते. परागाशिवाय फळ धरणारे झुकिनीचे वाण मिळतात, त्यांचं एक रोप ग्रोबॅगमध्ये लावावं असं माझं मत आहे. वहिनींना ते पटलेलं नाही, त्यांना सकाळचं काम आवडू लागलं आहे. वाफ्याच्या कडेला झेंडू आणि तुळस वाढवायची, माश्यांसाठी.

भोपळ्याचं बी मात्र धरलं आहे. ते देशी, संकरित नाही. शेजारचा वेल त्याच जातीचा असल्यामुळे मिसळ होऊ नये म्हणून वहिनींनी त्या एका फळाची मादी कळी आदल्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधून ठेवली होती, नर कळीही तशीच. सकाळी दोन्ही सोडून पराग लावला आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकलं. फळ चाखून गोड असल्याची खात्री केली, बिया सावलीत वाळवून राखेत घोळवल्या.

आता प्रश्न पावसाळ्याचा आहे. अण्णांना यातलं बी लगेच जूनमध्येच लावायचं आहे, झुकिनीच्या रिकाम्या वाफ्यात. जूनची लागवड आपल्याकडे चालते, पण ती काळी माती चार दिवसांच्या झडीत पाणी धरते आणि भोपळ्याची मुळं कुजतात. मी वीतभर उंच गादीवाफा आणि कडेने चर सुचवला आहे. त्याला बरीच माती लागेल, आणि ती कुठून आणायची यावर घरात बोलणं चालू आहे.